रोटाव्हेटर कुठल्याही ट्रॅक्टरला लागतो

खामगावात रोटाव्हेटर घ्यायला गेलात, तर दुकानदार साधारण तीन गोष्टी विचारतो. ट्रॅक्टर किती एचपीचा आहे? जमीन भारी की हलकी? आणि किती फुटी पाहिजे? बस. ट्रॅक्टर निळा आहे की लाल, अकोल्याच्या शोरूममधून घेतला की जालन्याच्या, नवाकोरा आहे की तिसऱ्या मालकाच्या हातचा, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन हात, वरची टॉप लिंक, तीन ठिकाणी पिना, मग पीटीओचा दांडा. जोडलं की चालू.

माझ्या धाकट्या भावाला हे सगळं डोळे मिटून येतं. तो एकवीस वर्षांचा आहे. सकाळी खऱ्या वावरात ट्रॅक्टर चालवतो आणि रात्री लॅपटॉपवर खोट्या वावरात. बारावीनंतर त्याने एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता. त्यावर त्याचा एकच लाडका गेम आहे, शेतीचा. त्यात जमीन घ्यायची, नांगरायची, पेरायची, माल विकायचा, कर्ज फेडायचं आणि मग आणखी मोठा ट्रॅक्टर घ्यायचा. बाबा त्याला पहिल्यांदा खेळताना बघून म्हणाले होते, "दिवसभर वावरात राबते अन् रात्री अजून वावरच पाह्यते. थकत काऊन नाही हा?"

तो थकत नाही, कारण त्या वावरात पाऊस दगा देत नाही आणि सोयाबीनचा भाव अर्ध्यावर येत नाही. शिवाय तिथे त्याला असे हार्वेस्टर चालवायला मिळतात, जे आमच्या पाच एकरांत वळवायलाही जागा पुरणार नाही.

हा गेम त्याने विकत घेतलेला नव्हता. गेम विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाने तो आठवडाभर फुकट वाटला होता. गावातल्या तीन-चार पोरांनी तेव्हा अकाउंट उघडून तो घेऊन ठेवला. रीतसर फुकट, सगळ्यांसाठी. इथपर्यंत काही अडचण नाही.

०००

बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही बोलण्यात दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटाखालचे. माझी आत्या घाटावर दिली आहे, चिखलीच्या पुढे. आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा आतेभाऊ, पुण्यात आयटीत आहे. त्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर आला, सगळ्यांच्या पेरण्या एकदम निघाल्या, त्यांच्याकडे ट्रॅक्टरवर बसणारा माणूस नेमका आजारी पडला, आणि आतेभावाला सुट्टी मिळेना. माझा भाऊ घाट चढून गेला. आठ दिवस राहिला, त्यांचं सगळं रान पेरून दिलं आणि परत आला. आत्याने पैसे देऊ केले, तर याने हात मागे घेतले. आत्याच्या घरचे पैसे कसे घ्यायचे?

आतेभावाच्या मनात ते राहिलं असणार. ऑगस्टमध्ये भावाच्या वाढदिवसाला त्याचा मेसेज आला. सोबत अक्षरं आणि आकड्यांचा एक लांबलचक कोड. 'तुझ्या त्या शेतीच्या गेमचं मोठं एक्स्पान्शन आहे. एन्जॉय कर. पेरणीबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलं होतं.'

एक्स्पान्शन म्हणजे मूळ गेमला जोडायचा वाढीव भाग, ज्याला गेम खेळणारे डीएलसी म्हणतात. नवा नकाशा, नवी यंत्रं, नवी पिकं. भावाला हा भाग केव्हापासून हवा होता. त्याने कोड टाकला. त्याच्या दुकानाने सांगितलं, हा कोड चुकीचा आहे. मग त्याने नीट वाचलं. कोड दुसऱ्या दुकानाचा होता. त्याने त्या दुसऱ्या दुकानाचं अकाउंट उघडायचं ठरवलं, तर तिथे पान वाचून कळलं की कोड चढेल, पण चालायला मूळ गेमही याच दुकानातला लागेल. फुकट मिळालेला गेम त्या दुकानाच्या लेखी नव्हताच.

गेम तोच, बनवणारी कंपनी तीच, एक्स्पान्शनही त्याच कंपनीचं, आणि तरी दोन्ही एकमेकांना जोडता येत नव्हते.

भावाने आतेभावाला 'थँक्यू दादा, भारी आहे' असं लिहून पाठवलं, आणि पुढचे तीन महिने कोणाला काहीच बोलला नाही.

०००

मी अकोल्याला नोकरी करते. दिवाळीत घरी आले तेव्हा सहज विचारलं, दादाने दिलेलं कसं आहे? तेव्हा त्याने हळूच सांगितलं. आणि लगेच म्हणाला, "ताई, त्याले सांगू नको. त्याले वाटन मी दुसरं मागून राह्यलो."

मला त्या कोडापेक्षा हे जास्त लागलं. आठ दिवसांच्या कष्टाचे पैसे नातं म्हणून घेतले नाहीत. त्या नात्याने आठवणीने काहीतरी पाठवलं, ते पोचलं नाही. आणि पोचलं नाही हे सांगायचीही सोय नाही, कारण सांगणं म्हणजे मागणं. कोड परत करायची मुदतही तोवर उलटून गेली होती.

बाबा ओट्यावर कापसाच्या गोण्या शिवत बसले होते. त्यांनी ऐकलं आणि विचारलं,

"दोन्ही एकाच कंपनीचे हायेत ना?"

"हो बाबा."

"गेम बी तोच?"

"तोच."

"मंग जोडत काऊन नाही?"

बाबांनी आयुष्यात पेरणीयंत्र, रोटाव्हेटर, पंजी, ट्रॉली, सगळं वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या दुकानांतून आणलेलं आहे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर सरळ नव्हतं, म्हणून मी ते शोधायला बसले. पुढचं सगळं त्या शोधातलं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या अकाउंटमध्ये तीन-तीन दुकानांचे फुकटचे गेम जमा झालेत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

०००

आधी सीडीच्या काळात जाऊ. 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गेम १९९९चा. त्याचं पहिलं एक्स्पान्शन, 'द कॉन्करर्स', २००० साली आलं. ही सीडी तुम्ही नागपूरला घ्या, मुंबईला घ्या, नाहीतर अमेरिकेहून आलेल्या मामाकडून घ्या. ती बसवताना कॉम्प्युटर एवढंच बघायचा की मूळ गेम या मशीनवर आहे का. तो कुठल्या दुकानातून आला, हे सीडीला माहीत असायचं कारणच नव्हतं. दुकानाचं काम पैसे घेऊन डबा हातात दिला की संपत होतं. रोटाव्हेटरचं गणित होतं ते.

आता दुकानाचं काम तिथे संपत नाही, तिथून सुरू होतं. 'स्टीम' २००३ मध्ये सुरू झालं, 'एपिक'चं दुकान २०१८च्या डिसेंबरात. 'जीओजी' आहे, मायक्रोसॉफ्टचं स्टोअर आहे. यांच्याकडून तुम्ही गेम घेता, तेव्हा दुकानाच्या वहीत तुमच्या अकाउंटपुढे एक नोंद होते. प्रत्येक गेमला, प्रत्येक एक्स्पान्शनला त्या दुकानाचा स्वतःचा एक नंबर असतो. स्टीमवरून आलेला गेम सुरू होताना स्टीमच्या प्रोग्रामला विचारतो की या खातेदाराच्या नावावर अमुक नंबरची वस्तू आहे का? हो म्हटलं, की नवा नकाशा उघडतो. एपिकवरून आलेला तोच गेम हाच प्रश्न एपिकला विचारतो. एपिकच्या वहीत स्टीमच्या नोंदी नसतात, आणि स्टीमच्या वहीत एपिकच्या. जीओजीचं थोडं वेगळं आहे. २००८ पासून ते गेम कुलपाशिवाय विकतात, फाइल उतरवून घेतली की चालवताना कोणाला विचारावं लागत नाही. पण जीओजीवरून घेतलेलं एक्स्पान्शनही जीओजीवरच्याच गेमसाठी बांधलेलं असतं, ते स्टीमवरच्या गेमला मिळत नाही.

मी हे बाबांना किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं सांगितलं. एका दुकानात तुमचे दोनशे रुपये जमा असले, तर शेजारचा दुकानदार त्यावर साखर देत नाही. ते त्यांना पटलं. पण ते म्हणाले, "साखर त मी उचलून घरी आणतो ना. घरी आणल्यावर तो शेट चहात टाकू देत नाही असं होते का?"

इथेच खरी मेख आहे. कारण पुष्कळदा ती साखर आपल्या घरात आधीच असते.

'एज ऑफ एम्पायर्स २'चंच पुढचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, 'डेफिनिटिव्ह एडिशन'. २८ एप्रिल २०२२ला तिचं 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हे एक्स्पान्शन आलं. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर ही तीन नवी राज्यं आली, आधीच्या 'इंडियन्स'चं नाव 'हिंदुस्तानी' झालं, आणि राजेंद्र चोल, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा आल्या. (देवगिरीचे यादव नाहीत. सिंदखेडराजाचे जाधव त्यांच्याशी नातं सांगतात, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना ही कमतरता जाणवते.) हा गेम कॉम्प्युटरवर स्टीमवरूनही मिळतो आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधूनही. दोन्हीकडचे खेळाडू एकाच सामन्यात एकमेकांविरुद्ध खेळू शकतात. पण एक्स्पान्शन मात्र ज्या दुकानातला तुमचा मूळ गेम, त्याच दुकानातून घ्यावं लागतं.

आता गंमत बघा. तुम्ही ते एक्स्पान्शन घेतलेलं नसलं, तरी समोरचा खेळाडू गुर्जर घेऊन तुमच्यावर चालून येऊ शकतो. त्याचे चक्र फेकणारे सैनिक तुमच्या स्क्रीनवर धावतात, तुमची घरं पाडतात. म्हणजे त्या सैनिकांची चित्रं, आवाज, चाल, सगळं तुमच्या लॅपटॉपवर उतरलेलं आहे, तुमचाच डेटा खर्चून. फक्त खेळ सुरू करताना 'गुर्जर' निवडता येत नाही. दोन दुकानांमधली भिंत गेमच्या आत कुठेच नाही. ती गल्ल्यावर आहे.

प्रत्येक गेममध्ये असं असतं असं नाही. काहींची एक्स्पान्शनं खरोखर वेगळी उतरवावी लागतात. पण भावाच्या प्रश्नाला 'तांत्रिक अडचण आहे' हे उत्तर पुरत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

०००

मग अडतं कुठे? हिशोबात.

स्टीम गेमच्या विक्रीतून साधारण ३० टक्के कापून घेतं, खूप खपणाऱ्या गेमना थोडी सूट असते. एपिकने सुरुवात करतानाच १२ टक्के जाहीर केले. या पैशांत दुकान पुष्कळ कामं करतं, हेही खरं. गेम साठवणं, हवा तितक्यांदा उतरवू देणं, अपडेट पोचवणं, पैसे परत करणं. तुम्ही दहा वर्षांनी नव्या लॅपटॉपवर तोच गेम उतरवला, तरी दुकान पुन्हा पैसे घेत नाही. तेव्हा दुकानदार म्हणू शकतो की एक्स्पान्शनचे पैसे शेजाऱ्याला दिले, मग त्याचं ओझं मी का वाहू? या बोलण्यात तथ्य आहे.

पण याच धंद्यात उलटी उदाहरणंही आहेत. स्टीम गेम बनवणाऱ्या कंपन्यांना कोड काढून देतं, ते त्या बाहेर इतर वेबसाइटवर विकू शकतात, आणि त्या विक्रीत स्टीम आपला वाटा घेत नाही. उतरवण्याचं ओझं मात्र स्टीमच वाहतं. हे वाचताना एक उपयोगाची गोष्ट लक्षात आली. कोड कोणत्या वेबसाइटवर विकत घेतला, याला फारसं महत्त्व नाही. तो कोणत्या दुकानात उघडतो, हे बघायचं असतं. 'हम्बल'सारख्या ठिकाणी घेतलेला कोड बहुतेक वेळा स्टीमवर उघडतो. म्हणजे विकणारा एक आणि नोंद ठेवणारा दुसरा, असंही होतं.

'डेस्टिनी २' या गेमची गोष्ट तर दोन्ही बाजूंनी बघण्यासारखी आहे. हा गेम कॉम्प्युटरवर आधी 'बॅटल डॉट नेट' या दुकानात होता. १ ऑक्टोबर २०१९ला तो तिथून उठून स्टीमवर आला. तेव्हा खेळाडूंनी आधी घेतलेली एक्स्पान्शनं स्टीमच्या खात्यावर फुकट उतरवून देण्यात आली. म्हणजे एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीत जाऊ शकते. त्याच वर्षी त्याच गेमने आणखी एक सोय दिली. तुमचा खेळाडू, त्याची शस्त्रं, त्याची प्रगती वेगवेगळ्या यंत्रांवर तुमच्यासोबत येईल. पण एक्स्पान्शनं येणार नाहीत, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी घ्यायची. कंपनीला दुकान बदलायचं होतं तेव्हा नोंदी हलल्या. खेळाडूला बदलायचं असतं तेव्हा हलत नाहीत.

आणि फुकटच्या गेमचं? मे २०२०, लॉकडाउन. एपिकने 'सिव्हिलायझेशन ६' आठवडाभर फुकट दिला. घरात अडकलेल्या लाखो लोकांनी घेतला. त्यात भारत खेळायला घेतला, तर गांधीजी मिळतात. चंद्रगुप्त मौर्य हवा असेल, तर तो २०१८च्या 'राइज अँड फॉल' या एक्स्पान्शनमध्ये आहे, आणि ते एपिकवरच घ्यावं लागतं. स्टीमवर सेल लागला तरी त्या सेलचा तुम्हाला उपयोग नाही. फुकट वाटणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या भावासारख्या पोराला तोच तर एक रस्ता आहे. पण घर एकदा ज्याच्या जागेवर बांधलं, त्याच्याच दुकानातून पुढची प्रत्येक वीट घ्यावी लागते, हे फुकटच्या बटणाखाली कोणी लिहीत नाही.

०००

बाबांना मी हे सगळं तुकड्यातुकड्याने सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं की ट्रॅक्टरवाल्यांनी हे केलं नाही, म्हणजे ती माणसं चांगली असतील. मला ते तपासावंसं वाटलं, आणि निघालं भलतंच.

ज्या तीन पिनांनी आपलं पेरणीयंत्र ट्रॅक्टरला लागतं, ती जोडणी हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने १९२०च्या दशकात आकाराला आणली आणि तिचं पेटंट घेतलं. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसता हात मिळवून भागीदारी केली, कागद नाही काही नाही. १९३९ मध्ये दोघांचा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फोर्डच्या नातवाच्या हातात कारभार गेला, भागीदारी मोडली, आणि फोर्ड कंपनी तशीच जोडणी असलेला स्वतःचा ट्रॅक्टर विकू लागली. फर्ग्युसनने १९४८ मध्ये खटला भरला. १९५२ मध्ये फोर्डने ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला.

म्हणजे ही जोडणी कधीकाळी एका माणसाची होती आणि तिच्यासाठी कोर्टात भांडणं झाली. पुढे पेटंटची मुदत संपली, सगळ्या कंपन्यांनी ती घेतली, पिनांची जाडी आणि दोन हातांमधलं अंतर यांची मापं ठरली. पीटीओचा दांडाही असाच. मिनिटाला ५४० फेरे, हा आकडा जगभर चालतो. म्हणून आज खामगावच्या दुकानदाराला तीनच प्रश्न पुरतात. ती मोकळीक कोणाच्या चांगुलपणाने आलेली नाही. ती मापं कोणीतरी बसून ठरवली आणि सगळ्यांना पाळायला लावली.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण तर खिशातच आहे. तुम्ही एका अॅपवरून पैसे पाठवता, समोरच्याकडे दुसरंच अॅप असतं, तुमची बँक वेगळी, त्याची वेगळी. तरी शेगावच्या कचोरीवाल्याच्या स्पीकरवर आवाज येतोच. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा नियमच असा केला की कुठल्याही अॅपवरून कुठल्याही बँकेत पैसे गेले पाहिजेत. त्याआधीची वॉलेटं आठवा. एकातले पैसे दुसऱ्यात जात नव्हते, आणि तेव्हा ते सगळ्यांना स्वाभाविक वाटत होतं. मोबाइल नंबरचंही तसंच. २० जानेवारी २०११ पासून देशभरात नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी नंबर कंपनीचा असायचा. आज तो आपला वाटतो.

यातलं कुठलंच काम एखाद्या दुकानदाराने आपण होऊन केलं नसतं. गेमच्या दुकानांनाही तसं कोणी सांगितलेलं नाही. म्हणून प्रत्येकाची वही वेगळी.

०००

कोणी म्हणेल, गेमचं काय एवढं घेऊन बसलात? खेळ आहे, आज आहे उद्या नाही.

मलाही आधी तसंच वाटत होतं. पण ही सवय गेमपुरती राहत नाही. अमेरिकेत ट्रॅक्टरची गोष्ट आता उलट्या दिशेने चालली आहे. तिथल्या नव्या ट्रॅक्टरमध्ये सॉफ्टवेअर असतं, आणि काही बिघाड काढायला जे सॉफ्टवेअर लागतं, ते कंपनीच्या डीलरकडेच असतं अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर 'जॉन डिअर'वर दावा दाखल केला. आमच्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर अजून गावच्या मिस्त्रीच्या पान्याला ऐकतात. पण गेममध्ये जे आज आपण निमूट मान्य करतो, की वस्तू माझी असली तरी ती कशाला जोडायची हे दुकान ठरवणार, तेच उद्या ट्रॅक्टरच्या काचेवर लिहून आलं, तर माझ्या भावाला त्यात काही वावगं वाटेल का? तो तर लहानपणापासून ते शिकत आलाय.

तुम्ही लॅपटॉपवर खेळत नसाल, फोनवर खेळत असाल, तरी हे तुमच्याकडे आहेच. अँड्रॉइडवर पैसे देऊन घेतलेलं 'माइनक्राफ्ट' आयफोन घेतल्यावर पुन्हा विकत घ्यावं लागतं. पण त्यातल्या मार्केटप्लेसमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून घेतलेले पॅक नव्या फोनवरही मिळतात. पहिली खरेदी दुकानाच्या वहीत होती, दुसरी गेमच्या स्वतःच्या वहीत. पैसे देण्याआधी एवढं एक बघून ठेवा, की नोंद कोणाच्या वहीत होणार आहे.

एक्स्पान्शन घेत असाल, तर त्याच्या पानावर बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की याला मूळ गेम अमुक दुकानातला लागेल. कोणाला भेट देत असाल, तर गेमचं नाव विचारून भागत नाही. 'तुझा गेम कुठल्या अकाउंटवर आहे?' हे आधी विचारा. सरप्राइज थोडं कमी होईल, पण भेट पोचेल. आणि भेट मिळालेला कोड चालला नाही, तर लाजू नका, लगेच सांगा. परतीच्या मुदती दिवसांत मोजलेल्या असतात, नात्यातला संकोच महिन्यांत.

०००

भाऊबीजेला आत्या आली, सोबत आतेभाऊही आला. मी काही बोलले नाही, तसं कबूल केलं होतं. पण बाबांना कोणी शपथ घातली नव्हती. जेवताना त्यांनी सरळ विचारलं, "काय रे, तुया त्या दुकानातलं यंत्र याच्या ट्रॅक्टरले लागत काऊन नाही?"

आतेभावाला दोन मिनिटं काही कळेना. मग कळलं, आणि तो भावाकडे बघून म्हणाला, "अरे येड्या, तेव्हाच सांगायचं ना." भाऊ पोळीत तोंड घालून बसला. आत्याला वाटलं खरंच कुठलं तरी शेतीचं यंत्र बिघडलंय. तिला समजावता समजावता सगळे हसायला लागले, आणि तीन महिन्यांचा अवघडलेपणा तिथेच संपला.

कोड अजून वापरलेला नव्हता. गावातल्या एका पोराकडे तोच गेम होता, आणि त्याने तो त्या दुसऱ्या दुकानातून पैसे देऊन घेतला होता. भावाने कोड त्याला दिला. नंतर काही दिवस हा त्याच्या घरी जाऊन बसायचा. नवा नकाशा, नवे हार्वेस्टर बघायचा, मधूनमधून तो माऊस याच्या हातात द्यायचा. एक रात्र मीही गेले होते बघायला. स्क्रीनवर दूरवर पसरलेलं सपाट रान आणि त्यात एकच अवाढव्य यंत्र. भाऊ म्हणाला, "असं वावर असलं ना ताई, त वळावंच लागत नाही."

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तू विकताना, तुम्हाला फक्त वापरायचा परवाना मिळतोय हे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' हा शब्द वापरता येत नाही. स्टीमने त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दाखवायला सुरुवात केली. हे मी भावाला वाचून दाखवलं. त्याला फार आश्चर्य वाटलं नाही. त्याच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू होता.

त्याने दोन्ही दुकानांतल्या किमती एका जुन्या पावतीच्या मागे लिहून काढल्या होत्या. पहिल्या दुकानात एक्स्पान्शन पुन्हा घ्यायचं, की दुसऱ्या दुकानात सेलमध्ये मूळ गेमच पुन्हा घ्यायचा आणि यापुढे तिथेच राहायचं? पहिलं स्वस्त पडत होतं. दुसऱ्यात पुढचे सेल चांगले होते. किमती त्याने रुपयांत लिहिल्या नव्हत्या. एकरांत लिहिल्या होत्या, दुसऱ्याच्या वावरात किती एकर रोटाव्हेटर मारला की तेवढे पैसे सुटतील, त्या हिशोबाने.